सिंगल-शॉट की रिव्हॉल्वर? डियर सीझनच्या आधी थोडं

मागच्या रविवारी मैत्रिणीच्या नवऱ्याचा फोन आला. तोही आपल्यासारखाच, पुण्याहून येऊन ओहायोत स्थिरावलेला. हंटर एज्युकेशनचा कोर्स कधीच झालाय, दोन सीझन रायफलने केलेत, आणि आता त्याला हँडगनने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या बंदुकीने, हरीण मारायचंय. प्रश्न सरळ होता, रिव्हॉल्वर घेऊ की सिंगल-शॉट, म्हणजे एका वेळी एकच काडतूस बसणारं, पिस्तूल? तासभर बोलले मी, आणि फोन ठेवल्यावर कळलं की महत्त्वाचं अर्धं राहूनच गेलं, म्हणून इथे लिहून काढतेय.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधी एक गोष्ट, कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. इथली गोष्ट वेगळी आहे. ओहायोत १९०४ पर्यंत व्हाइटटेल हरीण जवळजवळ संपलं होतं, मग ते परत वाढवलं, १९४३ मध्ये पुन्हा पहिला सीझन झाला, आणि आज सरकारच ठरवतं कुठल्या काउंटीत किती मारायची. लायसन्स, परमिट, नारिंगी जॅकेट, सगळं नियमात. मारलेलं हरीण आम्ही खातो, पूर्ण.

आता मुद्दा. ओहायोच्या गन सीझनमध्ये हँडगन चालते, पण नळी किमान ५ इंच हवी आणि काडतूस .३५७ (गोळीचा व्यास, इंचांत) किंवा त्याहून मोठं, सरळ भिंतीचं. म्हणजे ज्याचं पितळ मध्येच बाटलीसारखं गळ्याशी निमुळतं होतं ते इथे चालत नाही. सिंगल-शॉटवाले लोक दुसऱ्या राज्यांत ७-३० वॉटर्स किंवा .३०-३० वापरून दोनशे यार्डांच्या गप्पा मारतात त्या आपल्याला लागूच नाहीत. पिस्तूल घेण्याआधी हे बघा, मी एकाला सुंदर .३०-३० ची नळी घेऊन हताश बसलेला पाहिलंय.

माझी सुरुवात रिव्हॉल्वरने झाली. रुगर सुपर रेडहॉक, .४४ मॅग्नम, साडेसात इंची नळी, वजन दीड किलोच्या आसपास. .४४ मॅग्नम हे काडतूस म्हणजे हँडगन शिकारीचा पायाच म्हणा, आयडाहोचा एल्मर कीथ वर्षानुवर्षं .४४ स्पेशल या आधीच्या, सौम्य काडतुसात जास्तीची दारू भरून प्रयोग करत होता, कंपन्यांच्या मागे लागला होता, आणि १९५५-५६ च्या सुमाराला स्मिथ अँड वेसनने त्यासाठी रिव्हॉल्वर काढलं. साठपेक्षा जास्त वर्षं झाली तरी हरणासाठी याहून जास्त काही लागत नाही असं माझं ठाम मत आहे. लोक .५०० स्मिथ अँड वेसन घेतात, २००३ मध्ये आलेलं ते अवाढव्य रिव्हॉल्वर, दोन-चार बार काढले की मनगट दुखतं आणि मग पाचव्या बाराला चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात. डोळे मिटायची सवय एकदा लागली की जायला वर्ष जातं.

तर पहिल्याच सीझनला माझ्याकडून चूक झाली, ती सांगते. मादी होती, अंदाजे साठ यार्ड, बाजूने उभी. पहिला बार काढला, ती दचकली पण पळाली नाही, दोन पावलं पुढे जाऊन परत उभी राहिली. मला वाटलं चुकला. आणि हातात अजून पाच काडतुसं होती ना, म्हणून घाईघाईत डबल-ॲक्शननेच, म्हणजे घोडा न चढवता, दुसरा बार काढला. तो मागे लागला, पोटात. पहिला बार मुळात बरोबर लागला होता, छातीत, हे नंतर कळलं, मी दहा सेकंद थांबले असते तर ती तिथेच बसली असती. त्याऐवजी ती ओढा ओलांडून शेजारच्या जमिनीत गेली, मी जमीनमालकाला फोन करून परवानगी घेतली, आणि अंधारात टॉर्च घेऊन तीन तास रक्ताचे ठिपके शोधत फिरलो, मी आणि माझे शेजारी. सापडली, पण ते तीन तास मी विसरलेले नाही.

हे शेजारी म्हणजे सत्तरी पार केलेले गृहस्थ, मला शिकार शिकवणारे तेच. त्या रात्री ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून एक कंटेंडर काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, पुढचं वर्ष हे वापर.

थॉम्सन/सेंटर कंटेंडर. वॉरन सेंटर नावाच्या माणसाने बनवलेलं, १९६७ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या रोचेस्टरमधून बाजारात आलं. बंदूक मध्यातून मोडायची, एक काडतूस घालायचं, मिटायची, बस. नळी एका पिनवर बसते, पिन काढली की दुसऱ्या काडतुसाची दुसरी नळी लागते आणि स्कोप नळीवरच बसवलेला असतो म्हणून नेम तसाच राहतो. एक सांगाडा आणि चार नळ्या, म्हणजे चार पिस्तुलं. माझ्याकडे १४ इंची नळी आहे .३५७ मॅक्झिममची.

या .३५७ मॅक्झिममची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण दोन्ही प्रकारांतला फरक त्यात आख्खा दिसतो. १९८३ मध्ये रुगर आणि रेमिंग्टनने ते आणलं, रिव्हॉल्वरसाठीच. पण रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यात एक बारीक फट असते, सिलिंडर फिरायला ती हवीच, आणि त्या फटीतून प्रत्येक बाराला जळता गॅस बाजूने बाहेर फेकला जातो. मॅक्झिममच्या वेगवान दारूने त्या फटीवरची पोलादी पट्टी कोरली जायला लागली, आणि रुगरने ते रिव्हॉल्वर थोड्याच काळात बंद केलं. तेच काडतूस कंटेंडरमध्ये घाला, फटच नाही, काडतूस नळीच्याच पोटात बसतं, आणि १८० ग्रेनची (जवळजवळ १२ ग्रॅमची) गोळी अशी सपाट जाते की शंभर यार्डांवर विचार करावा लागत नाही. ओहायोच्या नियमातही बसतं.

नेमाचंही तेच. रिव्हॉल्वरमध्ये गोळी सिलिंडरच्या एका खणातून सुटते, फट ओलांडते आणि नळीत शिरते, सहा खण म्हणजे सहा वेळा ते सगळं सरळ रेषेत यावं लागतं. चांगल्या रिव्हॉल्वरमध्ये येतं, पण सिंगल-शॉटला हा प्रश्नच नाही. वाळूच्या पिशवीवर टेकवून माझं रेडहॉक ५० यार्डांवर अडीच इंचांत गोळ्या घालतं, कंटेंडर १०० यार्डांवर दोन इंचांच्या आत.

आणि त्या फटीमुळे अजून एक. रिव्हॉल्वर कशावरही टेकवताना पुढचा हात फटीच्या जवळ कधीच न्यायचा नाही, बोट गंभीर जखमी होऊ शकतं, मोठ्या मॅग्नमला तर नक्कीच. टेकू म्हणून जॅकेटची घडी वापरली तर तीही जळते. आवाजही फटीतून तुमच्याच कानाकडे येतो. कृपा करून कानांवर इलेक्ट्रॉनिक मफ लावा, शिकारीतसुद्धा, पानांची सळसळ उलट जास्त ऐकू येते. माझ्या शेजाऱ्यांना आता डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, त्यांच्या तरुणपणी कोणी काही लावायचं नाही.

कंटेंडर घेऊन जंगलात बसले तेव्हा मला आमचे आबा आठवले. देवगडकडे आमची आंब्याची बाग आणि थोडी भातशेती, आबांकडे शेतीसंरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक होती. दारू भरा, ठासा, छर्रे, परत ठासा, दारू पेटवायची टोपी बसवा, एका बाराला किती वेळ. बहुतेक वेळा तर ते डुकरं हुसकायला नुसत्या दारूचाच बार काढायचे. पण माळ्यावर बसलेले आबा काय शांत असायचे, डुकराची चाहूल लागली तरी बंदूक खांद्याला लावून नुसते बघत राहायचे. लहानपणी मला वाटायचं झोपले की काय. हातात एकच बार आहे हे माहीत असलं की माणूस असाच बसतो, हे मला ओहायोच्या टेकडीवर कळलं. त्या वर्षी मी चार हरणं जाऊ दिली, एक फांद्यांआड, एक जरा तिरकं उभं, दोन फार लांब. पाचव्याला नव्वद यार्डांवर एक बार काढला, चाळीस पावलांत पडलं.

मग सिंगल-शॉटच घ्या म्हणते का? थांबा.

मागच्या सीझनला मी वेन नॅशनल फॉरेस्टच्या बाजूला एका दाट घळीत बसले होते, पाऊस, धुकं, आणि अचानक पंधरा यार्डांवर नर. १४ इंची नळी, वर स्कोप, हात लांब धरून डोळ्यापासून बरोबर अंतरावर आणायचा, आणि स्कोपमध्ये मला फक्त केस दिसले, कुठला भाग तेच कळेना. पिस्तुलाच्या स्कोपचं चित्र हाताच्या अंतरावर आणि छोट्याशा खिडकीतूनच दिसतं. मी चाप ओढला नाही, तो गेला. तिथे रेडहॉक असतं, साधे साइट्स किंवा रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच) लावलेलं, तर पाच सेकंदांचं काम होतं.

शिवाय जुन्या कंटेंडरची एक खोड आहे, घोडा चढवला आणि बार न काढता हळूच उतरवला तर परत चढवायला बंदूक मोडून मिटावी लागते, आणि शांत जंगलात तो खट्ट आवाज हरणाला स्वच्छ ऐकू जातो. नंतरच्या जी-टू मॉडेलला हे नाही, उघडायलाही ते हलकं आहे, माझ्यासारख्या लहान हातांना तो फरक खूप जाणवतो. सापडलं तर जी-टूच घ्या. सापडणं मात्र सोपं नाही, कंपनी २०२१ मध्ये विकायला काढली होती, २०२४ मध्ये नव्या हातात गेली, मधल्या काळात जुन्या नळ्या शोधत लोक राज्यं पालथी घालत होते. आणि नळ्या बदलता येतात म्हणून १४ इंची नळीवर खांद्याचा दस्ता बसवू नका, रायफलची नळी १६ इंचांपेक्षा कमी म्हणजे फेडरल नोंदणीचं प्रकरण होतं, याच बंदुकीच्या किटवरून १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत खटला गेला होता. कंपनी जिंकली, पण मुद्दा इतकाच होता की सुट्या भागांपासून कायदेशीर रायफल बनवता येत होती. छोट्या नळीला दस्ता जोडायची सूट त्यातून मिळालेली नाही.

मित्राला मी शेवटी एकच काम दिलं. जेवणाच्या कागदी डिश घे, साधारण ८ इंचांच्या, हरणाची छाती तेवढीच धर. टेबलावरून नाही, गुडघ्यावर बसून किंवा काठ्यांच्या टेकूवर, थंडीचं जॅकेट घालून, जिने चढून दम लागलेला असताना. पाचपैकी पाच डिशमध्ये बसले ते तुझं अंतर, चार बसले तर पुढे ये. माझं रिव्हॉल्वरचं ५५ यार्ड आहे, कंटेंडरचं ११०. आणि मग तू जिथे बसणारेस तिथे जाऊन पावलं मोज, हरीण किती लांबवर दिसेल ते बघ, बंदूक त्यावरून ठरते. पण पहिलीच हँडगन असेल आणि दाट झाडी व मोकळं रान अशी दोन्ही ठिकाणं हाताशी असतील तर मी सिंगल-शॉट म्हणेन, एक वर्ष तरी. एक जास्तीचं काडतूस डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून ठेव, सरावाने चार-पाच सेकंदांत भरता येतं, आणि तेवढा वेळ पहिला बार कुठे लागला ते बघायला पुरतो.

तो म्हणाला, मग तू या वर्षी काय नेणार? थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सीझन उघडतो. सोमवार-मंगळवार मी त्याच घळीत आहे, पुढे चाळीस यार्डांपलीकडे काही दिसत नाही, तिथे रेडहॉक, आणि घोडा हाताने चढवूनच. शनिवारी कापलेल्या मक्याच्या शेताच्या कडेला बसणारे, तिथे कंटेंडर. शेजारी दोन्ही ठिकाणी येतायत, डाव्या बाजूला मी बसणार नाही एवढं ठरलंय, म्हणजे त्यांना ऐकू येईल.