रिकामं टेबल आणि एका सहीची वाट

आमच्या विभागात पीएचडी करणारे आणि एमएचा प्रबंध लिहिणारे मिळून ४१ जण, आणि संशोधकांच्या खोलीत टेबलं २४. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून जागावाटपाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, टेबलं वाढवून मागा. मला ते पटत नव्हतं. खोलीत कधीही डोकावलं तरी निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि नवीन मुलं मात्र बाहेर जिन्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. म्हणून आम्ही काही आठवडे सकाळी ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ६ वाजता खोलीत किती जण आहेत ते लिहून ठेवलं. एका वेळी १४ च्या वर माणसं कधीच नव्हती. मोजणी, तक्ता, विभागप्रमुखांशी बोलणं, सगळं भराभर झालं. घोडं अडलं ते त्यानंतर.

खोलीतली नऊ टेबलं अशी होती की ज्यांच्या नावावर ती होती ती माणसं येतच नव्हती. कोणी फील्डवर्कला गेलेलं, कोणी नोकरीला लागलेलं. खिडकीजवळचं टेबल त्यातलंच एक. त्यावर झेरॉक्सचे गठ्ठे, सुकून गेलेला हायलायटर, खुर्चीच्या पाठीवर जर्किन. एक गठ्ठा उचलला तर खाली टेबलाचा मूळ रंग चौकोनात उठून दिसला, बाकी सगळीकडे धूळ. ड्रॉवरला कुलूप. ते ज्या दादाच्या नावावर होतं त्याने प्रबंध सादर केला होता, व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा व्हायची होती, आणि तो दुसऱ्या शहरात कामाला लागला होता. हे टेबल दुसऱ्या कोणाला देता येईल का, एवढंच विचारायला मी जागा आणि मालमत्तेचं काम बघणाऱ्या कार्यालयात गेले.

"हे टेबल त्यांना दिलेलं आहे. जागा सोडल्याचा अर्ज त्यांनी सही करून दिला की पुढचं बघू," तिथल्या मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ते इथे नसतात आता."

"मग त्यांची नोंदणी संपल्याचं पत्र आणा."

नोंदणी विभागात विचारलं तर पदवी मिळेपर्यंत नोंदणी चालूच राहते म्हणे. म्हणजे ते पत्र मिळायचा प्रश्नच नव्हता. दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं घे की टेबल, मला काय करायचंय त्याचं आता!" त्याने त्याच दिवशी तसं ईमेलवर लिहून दिलं. कार्यालयाने सांगितलं, ईमेल चालत नाही, मूळ सही हवी. त्याने अर्जाची प्रिंट काढली, सही केली, कुरिअरने पाठवली. मग कळलं की अर्जाला ड्रॉवरची किल्ली जोडावी लागते, आणि किल्ली तर त्याच्याकडेच राहिलेली. हे ज्याचा फोन लागत होता त्याचं झालं. फील्डवर्कला गेलेल्या दोघी तर रेंजमध्येच नव्हत्या. विभागप्रमुख म्हणाले, कार्यालय सांगेल तसं करा. कार्यालय म्हणालं, विभागप्रमुखांचं पत्र आणा. पत्र नेलं तर, "यात टेबलधारकांच्या संमतीचा उल्लेख नाही." इकडे सत्र निम्म्यावर आलं होतं आणि जिन्यावरची मुलं जिन्यावरच होती. त्यांच्यातली एक घरी अभ्यासाला जागा नाही म्हणून लांबून विभागात येत होती. तिला रोज काय सांगायचं ते मला सुचेनासं झालं. त्या दिवसांचा राग अजून पुरता गेलेला नाही.

शेवटी मी त्या मॅडमना सरळ विचारलं, संमती हवी हा नियम कुठे लिहिलाय ते दाखवाल का? आवाज चढवला नाही, फक्त उत्तर मिळेपर्यंत तिथून हलले नाही. त्यांनी कपाटातून डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टेबल-खुर्च्यांसारख्या टिकाऊ सामानाची नोंदवही, काढलं. आमच्या खोलीच्या पानावर एवढंच होतं: टेबल, २४ नग, ताबा विभागाकडे. एकाही विद्यार्थ्याचं नाव नाही. आणि ज्या अर्जापायी हे सगळं चाललं होतं तो छापील अर्ज? तो आमच्याच विभागाने पूर्वी कधीतरी ड्रॉवरच्या किल्ल्या परत यायला हव्यात म्हणून काढला होता. त्याच्या प्रती या कार्यालयाच्या फायलीत येत गेल्या आणि हळूहळू त्यालाच नियमाचं वजन आलं. कार्यालयाकडे रद्द करण्यासारखी नोंदच नव्हती! कोणाला कुठलं टेबल द्यायचं हा पहिल्यापासून विभागाचा अधिकार होता. ते पान मी दोनदा वाचलं, त्याचा फोटो काढायची परवानगी घेतली आणि जवळजवळ पळतच विभागात आले. विभाग समितीच्या पुढच्याच बैठकीत अर्ध्या पानाचा ठराव झाला.

तेव्हा ज्याच्या वाट्याला हे काम येईल त्याने आधी रजिस्टर बघावं. खोली कोणाच्या ताब्यात, सामान कोणाच्या, आणि माणसाचं नाव कुठे लिहिलंय का. अर्ज, सह्या, पत्रं सगळं त्यानंतर.

वाटपाचं म्हणाल तर आम्ही सगळी टेबलं सामायिक केली नाहीत, आणि कोणी तसं सुचवलं तर मी कडाडून विरोध करेन. १९९० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या शायट-डे या जाहिरात कंपनीने कर्मचाऱ्यांची ठरलेली टेबलं काढून टाकली होती. सामान ठेवायला लहानसे लॉकर. लोक कागदपत्रं गाडीच्या डिकीत ठेवायला लागले, आणि काही वर्षांत तो प्रयोग गुंडाळावा लागला. संशोधकाचं तर अर्धं काम पसरलेल्या कागदांवर चालतं. प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला रोज संध्याकाळी सगळं आवरून न्यायला लावणं हा मला अन्याय वाटतो. म्हणून लिखाणाला बसलेल्या दहा जणांना ठरलेलं टेबल दिलं. आठ टेबलं दोघा-दोघांत वाटली, वार त्यांनी आपापसांत ठरवायचे. उरलेल्या सहांवर उरलेल्या १५ जणांपैकी जो आधी येईल तो बसेल. फील्डवर्कला गेलेले याच १५ जणांत धरले आहेत, पण त्यांनी परतायच्या महिनाभर आधी कळवलं की दोघांतलं टेबल त्यांच्यासाठी राखून ठेवायचं. तसं लिहून दिलं नसतं तर लोक जाताना टेबलावर सामान टाकून गेले असते, आणि त्यांचंही काही चुकलं नसतं.

ज्याला ठरलेलं टेबल नाही त्याला लॉकर आधी द्या, मग वाटप जाहीर करा. हा क्रम उलटा झाला की पिशव्या खुर्च्यांवर मुक्कामाला येतात आणि पिशवीशी भांडता येत नाही.

खुर्चीवर सामान ठेवून निघून गेलं तर काय, यावर सगळ्यात जास्त वाद झाला. तो मी सोडवला नाही, खोलीनेच सोडवला. सामायिक साधनं लोक कशी सांभाळतात याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं काम मी अभ्यासक्रमात वाचलं होतं, त्याचा इथे फार उपयोग झाला. सामायिक साधन म्हणजे नासाडी ठरलेलीच, हा विचार गॅरेट हार्डिन या पर्यावरणशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडला होता. ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडमधली गावकुरणं, स्पेनमधले पाटबंधारे, जपानमधली गावरानं अभ्यासून दाखवलं की वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, लक्षही स्वतःच ठेवलं, आणि चुकणाऱ्याला पहिल्यांदा अगदी हलका दंड ठेवला, तर अशी साधनं पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. या कामासाठी त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या खोलीत ठरलं ते असं: तासाभराच्या वर जागा सोडली तर सामान लॉकरमध्ये. पहिल्या वेळी शेजाऱ्याने सांगायचं, दुसऱ्या वेळी ग्रुपवर, त्यानंतर आठवडाभर मोकळ्या टेबलांवर बसायचं नाही. शेवटच्या पायरीपर्यंत अजून कोणालाच जावं लागलेलं नाही, आणि याचा मला खरंच अभिमान आहे.

मागच्या कोपऱ्यातली दोन टेबलं मात्र कोणी घेईना. वाचन-लेखनाच्या जागी ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असावा असं कार्यालयीन प्रकाशयोजनेचं युरोपीय मानक सांगतं. तिथे फोनवरच्या ॲपने अंदाजे मोजला तर निम्माही भरेना, शिवाय प्लग पॉइंट लांब. टेबल लॅम्प आणले, वायर भिंतीच्या कडेने नेऊन पक्की करून घेतली. पायवाटेतून एक्स्टेन्शन बोर्ड ओढू नका, कोणीतरी अडखळतंच. टेबलं मोजताना प्लगही मोजा.

शिकवणारे आणि पेपर तपासणारे संशोधक असतील तर त्यांना कुलपाचा ड्रॉवर हवाच, मग टेबल ठरलेलं असो वा नसो. उत्तरपत्रिका उघड्यावर राहता कामा नयेत. विद्यार्थ्यांच्या शंका घ्यायला आम्ही बाजूची छोटी खोली ठरावीक वेळी मागून घेतली. खोलीत कोणी आपले गुण का कमी झाले ते विचारतंय आणि बाकीचे १३ जण ऐकतायत, हे त्या विद्यार्थ्यासाठी फार वाईट. पाठीच्या किंवा डोळ्यांच्या त्रासामुळे ज्यांना विशिष्ट टेबल लागतं त्यांनी थेट विभागप्रमुखांना सांगायचं. कारण यादीत लिहायचं नाही, ग्रुपवर विचारायचं नाही.

जुन्या नऊ टेबलांवरचं सामान दोघांनी मिळून, फोटो काढून, खोक्यांत भरलं. खोक्यांवर नावं घातली, यादी प्रत्येकाला पाठवली. दादाची किल्ली नंतर आली आणि त्याचा ड्रॉवर त्याच्याशी फोनवर बोलत उघडला.

ठरावातलं कामाचं कलम एकच आहे, ते जसंच्या तसं देते, हवं तर उचला: "संशोधक कक्षातील टेबलांचे वाटप प्रत्येक सत्राच्या अखेरच्या दिवशी आपोआप संपुष्टात येईल. टेबल पुढे हवे असल्यास संबंधित विद्यार्थ्याने तसे लेखी किंवा ईमेलद्वारे कळवावे. टेबल मोकळे करण्यासाठी आधीच्या विद्यार्थ्याच्या सहीची आवश्यकता राहणार नाही."