बर्ट शेपर्डचा उजवा पाय

कृत्रिम पाय बसवण्याच्या कामासाठी मी अधूनमधून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयात जाते. पूर्वी या जागेवर ग्रिफिथ स्टेडियम होतं, 1965 मध्ये ते पाडलं. बेसबॉलची होम प्लेट, म्हणजे फलंदाज जिथे उभा राहतो ती जागा, जिथे होती, तिथे रुग्णालयाच्या जमिनीवर आजही खूण आहे.

त्या दिवशीचे पेशंट साठीचे. मधुमेहापायी उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला. सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा भाग, नीट बसलं होतं, जखम भरली होती, पण उजव्या पायावर भार टाकायची त्यांची तयारीच नव्हती. सगळं अंग डावीकडे. चालता चालता आम्ही त्या खुणेपाशी आलो आणि ते थबकले. शाळेत असताना ते बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारे, होते, डावखुरे. मग मी त्यांना बर्ट शेपर्डबद्दल सांगितलं.

शेपर्ड दुसऱ्या महायुद्धात पी-38 या लढाऊ विमानाचा वैमानिक होता. मे 1944 मध्ये त्याचं विमान जर्मनीत पाडलं गेलं, उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. युद्धकैद्यांच्या छावणीत एका कॅनेडियन सहकैद्याने त्याला पाय बनवून दिला आणि त्या पायावर तो तिथेच चेंडू फेकायला लागला. कैद्यांच्या अदलाबदलीत 1945 च्या सुरुवातीला तो मायदेशी परतला. त्यानंतर वॉशिंग्टन सेनेटर्स या बेसबॉल संघाने त्याला घेतलं.

4 ऑगस्ट 1945. हिरोशिमाला दोन दिवस उरले होते. बोस्टन रेड सॉक्सविरुद्ध डबलहेडरचा, म्हणजे एकाच दिवशीच्या दोन सामन्यांपैकी, दुसरा सामना, चौथी इनिंग. रेड सॉक्स सेनेटर्सना अक्षरशः झोडपत होते, त्या एका इनिंगमध्ये 12 धावा झाल्या. सेनेटर्सचा पिचर ज्यो क्लिअरी आला, 7 धावा देऊन आणि एकच गडी बाद करून गेला. मग शेपर्डला बोलावलं. तिन्ही बेसवर धावपटू, दोन बाद; तिसरा बाद झाला की इनिंग संपणार. त्याने रेड सॉक्सच्या जॉर्ज मेटकोविचला स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं आणि पुढे शेवटपर्यंत तोच पिचर राहिला. सव्वापाच इनिंगहून थोडं जास्त, तीन हिट, एक धाव. सेनेटर्स सामना 15-4 असा हरले, पण त्याच्या वाट्याचं काम चोख झालं होतं.

"उजवा पाय? आणि फेकायचा डाव्या हाताने?" पेशंटनी मध्येच विचारलं. पिचरच हे विचारणार. डावखुरा पिचर डाव्या पायाने रेटा देतो आणि उजव्यावर उतरतो. म्हणजे प्रत्येक चेंडूला शेपर्डचा सगळा भार खोट्या पायावर येत होता. लोक त्याच्या जिद्दीचं कौतुक करतात. मला मात्र कौतुक वाटतं ते त्या उतरण्याचं. आजच्यासारखे उरलेल्या पायावर चढवायचे मऊ लायनर आणि लवचिक कार्बनची पावलं तेव्हा नव्हती.

त्यांनी एक हात भिंतीच्या कठड्यावर ठेवला, डावा हात मागे नेला आणि सावकाश उजवं पाऊल पुढे टाकलं. मी खाली बसून टाच बघत होते. टाच टेकली आणि गुडघा झटकन पुढे गेला. "इथेच भीती वाटते," ते म्हणाले. इतके दिवस नुसतं 'जमत नाही' म्हणणाऱ्या माणसाने नेमकी जागा दाखवली होती. मी ॲलन की काढली, पावलाचा कोन किंचित बदलला, टाच थोडी मऊ केली. पुन्हा तीच क्रिया. या वेळी गुडघा थांबला, आणि वजन खरोखर उजवीकडे आलं.

पाय काढून कातडी तपासली. गुडघ्याखाली हलकी लाली होती, ती काही मिनिटांत ओसरली.

त्या खेळीनंतर शेपर्डला मेजर लीगमध्ये पुन्हा कधीच पिचिंग मिळालं नाही. सेनेटर्स त्या मोसमात जेतेपदाच्या शर्यतीत होते, हे मान्य. तरी मला तो अन्यायच वाटतो. पेशंटना हे सांगितलं तेव्हा ते चांगलेच चिडले. "एक धाव दिली फक्त! आणखी काय करायला हवं होतं त्याने?" असं म्हणत पाय चढवला आणि कठडा न धरता लिफ्टकडे निघाले.