तुम्ही विचारलंत म्हणून: नवा ट्रॅव्हल ट्रेलर ऑर्डर करताना कुठले ऑप्शन्स घ्यायचे?

महिन्यातून एकदा तरी कोणीतरी ओळखीचं, नाहीतर ओळखीच्याच्या ओळखीचं, मला ऑर्डर फॉर्मचा फोटो पाठवतं. चार पानं, बारीक अक्षर, प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन, आणि खाली ठरलेला प्रश्न, "यातलं काय काय घेऊ गं? तुमचं तर दोनदा झालंय." दोनदा झालंय हे खरंय. गाडीमागे ओढायचं हे फिरतं घर आम्ही पहिल्यांदा घेतलं ते डीलरच्या आवारात उभं होतं तसंच उचललं, म्हणजे ऑप्शन्स दुसऱ्याच कोणीतरी आमच्यासाठी निवडून ठेवलेले, आणि दुसरं फॅक्टरीत ऑर्डर देऊन बनवून घेतलं. पहिल्यात सहा वर्षं मी जे जे करवादून बोलले ते सगळं दुसऱ्याच्या फॉर्मवर उतरलं. तेव्हा आता एकदाच नीट लिहून ठेवते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवेन.

थोडक्यात सांगायचं तर, जे भिंतीत, जमिनीखाली, छताच्या आत किंवा चाकांपाशी जातं ते आत्ता घ्या. जे चार स्क्रू काढून नंतर बसवता येतं ते एक सीझन फिरून झाल्यावर घ्या. गंमत अशी की फॉर्मची आणि शोरूमची सगळी मांडणी याच्या बरोब्बर उलटी असते. मोठा टीव्ही, निळे लाइट, खोटी शेकोटी, बाहेर उघडणारं किचन, हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर, आणि टायर कुठल्या लोड रेंजचे (म्हणजे किती भार पेलणारे), पोटाखाली इन्सुलेशन आहे का, वायर किती जाडीची, हे तिसऱ्या पानावर कुठेतरी. आधी कळस मग पाया. आणि आपणही पहिल्या उत्साहात कळसच बघत बसतो, मीही बसले होते.

पहिली गोष्ट वजन, आणि इथे जरा वेळ घालवा. ब्रोशरमध्ये जे कोरडं वजन छापलेलं असतं त्यात बहुतेक वेळा ऑप्शन्स धरलेले नसतात. तुमचा स्वतःचा ट्रेलर फॅक्टरीतून निघताना त्यावर एक स्टिकर लागतो, त्यात सामान जास्तीत जास्त किती भरायचं ते लिहिलेलं असतं, आणि तुम्ही टिक केलेली प्रत्येक गोष्ट त्या आकड्यातून आधीच वजा झालेली असते. आमच्या पहिल्या ट्रेलरचा आकडा होता ५४० किलो. ऐकायला भरपूर वाटतो. पण त्यात पाणीसुद्धा येतं, एक लिटर म्हणजे एक किलो, आमची टाकी १६० लिटरची, ती भरली की राहिले ३८०. त्यात डीलरने नंतर बसवलेल्या बॅटऱ्या, चार माणसांचे कपडे, अंथरुणं, भांडी, हत्यारांची पेटी, पाइप, खुर्च्या, चार सायकली, आठवड्याचं खाणंपिणं. एकदा सगळं भरून वजनकाट्यावर नेला तेव्हा आम्ही मर्यादेच्या पलीकडे होतो आणि मला तर वाटत होतं की यावेळी आपण कमीच सामान घेतलंय. छतावरचा दुसरा एसी म्हणजे चाळीसेक किलो, बाहेरचं किचन, जास्तीची ऑनिंग (बाहेर ताणायचं कापडी छत), त्या सगळ्याचं असंच. म्हणून प्रत्येक टिकपुढे एकच प्रश्न विचारा, "हे किती किलोचं?" डीलरला पटकन सांगता येत नाही, पण विचारा, फॅक्टरीकडून मागवून देतात.

आणि ते वजन कुठे पडतंय तेही बघा. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढे हूकवर यायला हवा. मागच्या टोकाला वजन वाढलं की हूक हलका होतो आणि ट्रेलर हायवेवर शेपटीसारखा हलायला लागतो, आणि ज्याने तो एकदा अनुभवलाय त्याला मी काही वेगळं सांगायला नको. उलट पुढे गॅस, बॅटऱ्या, पुढच्या कप्प्यात कोंबलेलं सामान असं सगळं झालं तर ओढणाऱ्या गाडीची मर्यादा आधी संपते. मागे सायकली लावायच्या असतील तर चेसिसला वेल्ड केलेला रिसीव्हर (रॅक अडकवायची खोबण) फॅक्टरीतच मागा. मागचा तो चौकोनी बंपर दिसायला भक्कम असतो पण पुष्कळ कंपन्या त्यावर सायकलींचा रॅक लावूच नका म्हणतात.

चाकांपाशी जे काही मिळतंय ते घ्या. एक पायरी वरच्या लोड रेंजचे टायर, शॉक अॅब्झॉर्बर, जास्त क्षमतेचा अॅक्सल (चाकांचा आस) असेल तर तो, डिस्क ब्रेक मिळत असतील तर तेही. एक लक्षात ठेवा, अॅक्सल नुसता मोठा घातल्याने भरायचा आकडा वाढत नाही, तो स्टिकरवरच वाढलेला हवा. आणि स्टेपनी! काही ठिकाणी स्टेपनी ऑप्शनमध्ये असते, माझा विश्वास बसेना.

आता वीज. इथे आधी स्वतःला विचारा की रात्री मुक्काम कुठे करणार, प्लग असलेल्या जागी की नसलेल्या. हे प्रामाणिकपणे ठरवा, कारण सगळे जण म्हणतात आम्ही जंगलात तळ्याकाठी राहणार आणि मग दर वेळी कॅम्पग्राउंडच्या खांबाला वायर जोडून बसतात (आम्ही पहिली दोन वर्षं हेच). प्लगवर राहणार असाल तर प्रश्न ३० अँपिअर की ५० अँपिअर. हे अमेरिका-कॅनडातल्या १२० व्होल्टच्या हिशेबाने सांगतेय. ३० म्हणजे ३,६०० वॅट. एसी साधारण दीड हजार, मायक्रोवेव्ह दीड हजार, गीझरचं इलेक्ट्रिक एलिमेंट चौदाशे, तिन्ही एकदम चालू झाले की ब्रेकर उडाला. मग घरात कायम ओरडाआरडा, "मायक्रोवेव्ह लावतेय, एसी बंद कर!" ५० ऐकून वाटतं की दीडपटीपेक्षा थोडं जास्त मिळेल, पण त्यात दोन वेगळ्या लाइन येतात, म्हणजे १२,००० वॅट, तिपटीहून जास्त. उन्हाळ्यात लांबलचक ट्रेलरमध्ये राहायचं असेल आणि दोन एसी हवे असतील तर ५० ला पर्याय नाही, आणि हे नंतर करायचं म्हणजे पॅनेल, वायर, सगळं उघडा.

दुसरा एसी मात्र लगेच घ्यायलाच हवा असं नाही. छतावरच्या झरोक्याचं भोक साधारणपणे १४ इंच बाय १४ इंचाचंच असतं आणि एसीसुद्धा त्याच मापात बसतो. म्हणून आम्ही बेडरूममध्ये नुसती वायर आणि छताला आधार एवढंच मागितलं, तिथे सध्या साधा झरोका आहे. दोन उन्हाळे काढले, अजून एसीची गरज पडलेली नाही. याच कारणाने भारीतला छताचा पंखाही नंतर घ्या, १२ व्होल्टची वायर तेवढी तिथपर्यंत आणून ठेवायला सांगा.

प्लग नसलेल्या जागी राहणाऱ्यांचा हिशेब पूर्ण वेगळा, आणि तो फ्रिजपासून सुरू होतो. दोन जाती आहेत. एक गॅसवर चालणारा अॅब्सॉर्प्शन फ्रिज, ज्यात ज्योत पेटवून गारवा तयार होतो. हे मला आजही थोडं जादूसारखं वाटतं, स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी, बाल्त्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी १९२२ मध्ये तो शोधला, आत हलणारा एकही भाग नाही. वीज जवळजवळ लागत नाही, पण ट्रेलर बऱ्यापैकी लेव्हलला उभा हवा आणि कडक उन्हात तो हात टेकतो. दुसरा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, घरच्यासारखा पटकन गार होतो, जागा जास्त, पण दिवसाला ४० ते ६० अँपिअर-अवर (बॅटरीतली वीज मोजायचं माप) बॅटरी खातो. म्हणजे १२ व्होल्टचा फ्रिज टिक केलात की बॅटरी आणि सोलर हे ऑप्शन उरत नाहीत, ते आपोआप टिक झाले असं समजा. हे फॉर्म सांगत नाही.

डीलर जी फुकट बॅटरी देतो ती बहुतेकदा लेड-अॅसिड, तिच्यातली निम्मीच वापरायची असते, त्याहून खाली सारखी गेली तर लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेट जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि वजनाला निम्मीही नसते. पहिल्या ट्रेलरमध्ये थंडीत एका रात्री आम्ही हीटर लावून झोपलो. हीटर गॅसवरचा, म्हणून वीज जात असेल हे डोक्यातच नाही, पण त्याचा पंखा बॅटरीवर फिरतो. पहाटे तीनला टूं टूं टूं, नवरा उठून गॅस गळतोय म्हणून खिडक्या उघडायला लागला, मुलं रडायला लागली, सगळे ब्लँकेटं गुंडाळून बाहेर. गॅस कुठेच गळत नव्हता, बॅटरी इतकी उतरली होती की गॅसचा अलार्मच व्होल्टेज कमी म्हणून ओरडत होता.

तरीही बॅटऱ्या फॅक्टरीतून घेऊ नका, नंतर निवांत हव्या तशा घेता येतात. फॅक्टरीकडून मागायचं ते लिथियम चालणारं कन्व्हर्टर (प्लगच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारं यंत्र), आणि बॅटरीसाठी आतली जागा, कारण शून्य डिग्रीखाली लिथियम चार्ज करायची नसते आणि पुढे हूकजवळच्या उघड्या डब्यात ती गारठते. "सोलर रेडी" या शब्दाला भुलू नका. त्याचा अर्थ कधी कधी फक्त बाहेरच्या भिंतीवर एक सॉकेट आणि त्यामागे एक वायर एवढाच असतो. वायर छतापासून कुठपर्यंत जाते आणि किती जाड आहे ते लेखी घ्या. १०० वॅटचं आडवं पॅनेल चांगल्या उन्हाळी दिवशी ३००-४०० वॅट-अवर देतं, म्हणजे अंदाजे ३० अँपिअर-अवर. वरच्या फ्रिजशी ताडून बघा, किती पॅनेलं लागतील ते कळेल.

थंडीत जाणार असाल तर बंदिस्त आणि गरम हवा खेळवलेलं पोट (ट्रेलरच्या तळाची टाक्या-पाइपांची जागा), आणि डबल काचेच्या खिडक्या. दोन्ही नंतर होत नाहीत, झाल्या तरी परवडत नाहीत. डबल काचा वजनाला जड आहेत पण सकाळी खिडकीतून गादीवर ओघळणारं पाणी जवळपास थांबतं, आवाजही कमी येतो. "फोर सीझन" हे नाव ज्याने त्याने आपल्या मनाने दिलेलं असतं, तेव्हा खाली वाकून स्वतः बघा, सांडपाण्याच्या टाकीचे व्हॉल्व्ह बाहेर लटकतायत की आत आहेत. व्हॉल्व्ह गोठला की काय होतं ते मी इथे लिहिणार नाही.

बसायला डायनिंग टेबल की रिक्लायनरच्या खुर्च्या, हे मला सगळ्यात जास्त विचारतात आणि याचं माझं उत्तर बदललंय. आधी म्हणायचे खुर्च्या घ्या, पाठ सुखावते. पण टेबलावर मुलं लिहितात, मी लॅपटॉप ठेवते, पाऊस असला की पत्त्यांचा डाव तिथेच, आणि कोणी अचानक राहायला आलं तर टेबल पाडून पलंग होतो, बाकाखाली सामान जातं ते वेगळंच. दोघंच असाल तर खुर्च्या. नसाल तर टेबल.

बाहेरचं किचन आमच्या पहिल्यात होतं. सहा वर्षांत मोजून अकरा वेळा उघडलं, आणि त्याने आतलं एक आख्खं कपाट खाल्लं. सुटा गॅस घेऊन फोल्डिंगच्या टेबलावर ठेवला की तेच काम होतं. हूक वर-खाली करणारा इलेक्ट्रिक जॅक जरूर घ्या, पण तो तीन बोल्टांवर बसतो, नंतरही बसेल. स्टॅबिलायझरला (उभा ट्रेलर डुलू नये म्हणून खाली टेकवायचे पाय) मोटर नको, ड्रिलला सॉकेट लावून पाय खाली येतात. टीव्ही, गादी, नळ, टायर प्रेशरचे सेन्सर, सगळं नंतर. मागच्या कॅमेऱ्याची वायरिंग मात्र आत्ताच.

शेवटी डीलरच्या टेबलावर अजून एक छोटा कागद येतो, रंगावरचं कोटिंग, टायरमध्ये नायट्रोजन वगैरे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तो तुमच्या टायरमध्ये आधीच आहे. त्या कागदाला गोड हसून नाही म्हणा. "पॅकेज" मात्र टाळता येत नाही, हव्या असलेल्या दोन गोष्टींबरोबर नको असलेल्या तीन येतात, तिथे भांडून माझा एक रविवार गेला आणि हाती काही लागलं नाही. त्यापेक्षा सही करण्याआधी बिल्ड शीट (तुमच्या ट्रेलरमध्ये काय काय बसणार त्याची यादी) ओळ न ओळ वाचा. आमच्यात ५० च्या जागी ३० टाइप झालेलं होतं. ऑर्डर एकदा लॉक झाली की बदल होत नाहीत, आणि महिन्यांनी ट्रेलर दारात आल्यावर कोण कोणाशी भांडणार.

इलेक्ट्रिक शेकोटी राहिली. मुलांना ती हवीच होती. दीड हजार वॅट खाते, प्लगशिवाय नुसती शोभेची, आणि तिच्या जागी आम्हाला बुटांचं कपाट मिळत होतं. मी नाही म्हटलं, दोन दिवस अबोला. आता रात्री दोघं त्या कपाटासमोर टॅबलेट उभा करतात आणि शेकोटीचा व्हिडिओ लावून बसतात, लाकडं तडतडण्याच्या आवाजासकट. दहा वॅटसुद्धा खात नाही.