चार पायांवर चालायच्या हातकाठ्या: माप, पकड आणि वाळू

हातपाय टेकून चालायचा व्यायाम सध्या बरेच जण करू लागलेत. त्यात पहिली अडचण येते ती लांबीची. पाय लांब, हात आखूड. मग कंबर वर जाते, डोकं खाली लोंबतं आणि मनगट काटकोनात मागे मुडपतं. कसलेला माणूस यातूनही वाट काढतो. जपानच्या केनइची इतो यांनी २०१५ साली नुसत्या हातांनी, असंच चार पायांवर धावत १०० मीटर १५.७१ सेकंदांत पार केले. पण रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं चालायचं असेल तर हाताला काठी जोडून लांबी वाढवणंच शहाणपणाचं. मूठ वळलेली राहते, मनगट सरळ राहतं आणि पाठ जमिनीला समांतर येते.

काठीची लांबी अंदाजाने ठरवू नका. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, अगदी वर, एक हाड हाताला लागतं. पाय फिरवला की ते बोटांखाली फिरतं. तिथपासून जमिनीपर्यंत मोजा. मग हातात पेन धरून मूठ वळा आणि खांद्याच्या टोकापासून पेनापर्यंत मोजा. १७० सेंटीमीटर उंचीच्या माणसात ही मापं साधारण ९० आणि ६३ येतात. फरक २७. चालताना गुडघे थोडे वाकलेले असतात, त्याचे ५ वजा करा. उरले २२ सेंटीमीटर: मुठीपासून जमिनीपर्यंत, तळाचं रबर धरून. ही झाली पाठ सपाट ठेवणारी लांबी. नवशिक्याने मात्र सुरुवात ३० सेंटीमीटर लांबीने करावी. छाती थोडी वर राहते, हातांवर भार कमी येतो आणि समोर पाहायला मान फार ताणावी लागत नाही. खांदे तयार झाले की दोन-दोन सेंटीमीटरने कमी करत या.

हातांवर किती भार येतो हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. काट्यावर फळी ठेवायची, तिच्यावर दोन्ही काठ्या टेकायच्या आणि पाय काट्याएवढ्याच उंचीच्या पाटावर ठेवायचे. पाठ सपाट असेल तर आकडा शरीराच्या वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास येतो. ७० किलोच्या माणसाचे २८ किलो. पाऊल टाकताना एक हात उचलला की यातला बहुतेक भार दुसऱ्या हातावर जातो. दंडाला, खांद्याला तो पेलेल का, याचा विचार काठी कापण्याआधी करायचा.

बनवायला सर्वांत सोपं म्हणजे सर्जिकलच्या दुकानात मिळणारी अ‍ॅल्युमिनियमची एल्बो कुबडी, म्हणजे हातात धरायला मूठ आणि कोपराखाली कडं असलेली. जोडी घ्या. ती आपल्या कामासाठी फार लांब असते, म्हणून आतली सरकती नळी काढून बाहेरचीही कापावी लागते. खिडक्यांची अ‍ॅल्युमिनियम कामं करणाऱ्याकडे हे पाच मिनिटांत होतं. आधी ३० च्या हिशेबानेच कापा, लहान नंतरही करता येते. आतली नळी वापरून लांबी बदलती ठेवायची असेल तर बाहेरच्या नळीला नवी भोकं पाडा, पण शेवटचं भोक कडेपासून किमान २.५ सेंटीमीटर आत हवं. पत्रा पातळ असतो, त्याहून कडेला भोक गेलं की ते फाटतं. आत गेलेली नळी १० सेंटीमीटर तरी आत राहायला हवी, नाहीतर सांधा खुळखुळतो.

कापलेल्या तोंडाची धार कानशीने घासा. रबर घेताना नळीचा बाहेरचा व्यास मोजून घ्या आणि रबराच्या आत लोखंडी चकती आहे ना, हे बोट घालून पाहा. ती नसेल तर नळी काही दिवसांत रबर भेदून खाली येते आणि फरशीवर सटकते. रबर चढत नसेल तर साबणाचं पाणी लावा. तेल लावू नका, ते रबर खातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोपराखालचं प्लास्टिकचं कडं पुढून उघडंच हवं. हात घट्ट राहावा म्हणून त्यावर वेल्क्रो किंवा पट्टा बांधण्याचा मोह होतो, बांधू नका. कड्याचं काम काठी डोलू न देणं एवढंच आहे, भार मुठीवरच घ्यायचा असतो. तोल गेला की माणूस आपसूक हात मोकळा करून टेकवतो. काठी हाताला बांधलेली असेल तर ते जमत नाही, आणि पडण्याचा सगळा झटका बांधलेल्या हाताच्या हाडावर येतो. पहिल्याच दिवशी गवतावर गुडघे टेकून काठ्या सोडून द्यायची सवय करा.

चाल शिकायची ती तिरकी. डावा हात आणि उजवा पाय एकत्र, मग उजवा हात आणि डावा पाय. जमलं की एकेक पाय सुटा टाका: डावा पाय, डावा हात, उजवा पाय, उजवा हात. कुत्रा सावकाश चालतो तो असाच. संथ चालीत तीन टेकू कायम जमिनीवर राहतात, म्हणून ती जास्त स्थिर. पाऊल मात्र छोटं, ३० सेंटीमीटरच्या आत. लांब टाकलं की पाय पुढच्या काठीवर आदळतो, आणि सुरुवातीला पडतात ते बहुतेक याच कारणाने.

करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होऊ लागलं तर तळहाताच्या कडेची नस दाबली जातेय. काठीची मूठ जाड करा (सायकलच्या हँडलची टेप चालते) आणि त्या दिवशी थांबा. पाठ कमानीसारखी वर येत असेल तर मांडीमागचे स्नायू आखडलेत. गुडघे जास्त वाकवा. रक्तदाब, काचबिंदू किंवा निखळलेला खांदा यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर.

जागेचं म्हणाल तर गोव्यात पणजीजवळचा मिरामार ते करंझाळे हा किनाऱ्याचा पट्टा चांगला. ओहोटीच्या वेळी जा, ओली वाळू घट्ट असते. उधाणाच्या दिवसांत पाणी आणखी मागे हटतं, पट्टा रुंद मिळतो. कोरड्या वाळूत साडेचार सेंटीमीटरचं रबर सरळ रुततं: एका काठीवर २८ किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला पावणेदोन किलो. १२ मिलिमीटर मरीन प्लायची (पाणी सोसणाऱ्या प्लायवूडची), १२ सेंटीमीटर व्यासाची चकती तळाला लावली की तोच दाब पाव किलोवर येतो. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून जितकं जाल तितकंच उलट फिरून या, नाहीतर एकच खांदा भरून येतो. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबागला कासवं अंडी घालतात, तिथे नको. किनाऱ्यावरची भटकी कुत्री चार पायांवरचा माणूस पाहून भुंकत येतात. लगेच दोन पायांवर उभे राहा, बहुतेक वेळा ती थांबतात.

जांभ्याच्या अंगणात एरवी पकड छान मिळते, फक्त रबर लवकर झिजतं. पावसाळ्यात मात्र त्याच दगडावर शेवाळ धरतं, तेव्हा जून ते सप्टेंबर घरात रबरी चटईवरच चाला. समुद्रावरून आल्यावर काठ्या उघडून गोड्या पाण्याने धुवा, आतली नळी वेगळी वाळवा. खारं पाणी आधी नळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या बटणाची स्प्रिंग खातं: बटण अर्धंच बाहेर येतं, वरून लागल्यासारखं दिसतं आणि भार पडला की काठी मिटते. म्हणून दर वेळी निघण्याआधी दोन्ही काठ्या जमिनीवर जोराने दाबून पाहा. स्प्रिंग गंजलेली दिसली तर साफ करत बसू नका, बदला.