सँ-सिर-लापोपी : नदीकडून चढायचं गाव

नैऋत्य फ्रान्समधल्या लॉत नदीच्या काठी, उभ्या चुनखडीच्या कड्यावर सँ-सिर-लापोपी हे मध्ययुगीन गाव आहे. पाण्यापासून उंची साधारण शंभर मीटर, कायमची वस्ती जेमतेम दोनशेच्या आसपास. 2012 साली फ्रेंच टीव्हीच्या प्रेक्षकांनी याला देशातलं आवडतं गाव म्हणून निवडलं, तेव्हापासून उन्हाळ्यात इथे पाय ठेवायला जागा नसते. बहुतेक लोक वरच्या पार्किंगमध्ये गाडी लावतात, उतारावरून खाली येतात, फोटो काढतात आणि दोन तासांत परततात. आमचं म्हणणं, हे गाव खालून, नदीकडून चढूनच बघावं. ते मुळात नदीवरच जगत होतं.

मुक्कामाला काओर शहर सोयीचं. तुलूझहून रेल्वेने सव्वा ते दीड तास, पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून थेट गाडी मिळाली तर पाच तासांच्या वर. काओर ते सँ-सिर अंतर तीसेक किलोमीटर. काओरहून फिजाककडे जाणारी बस नदीच्या उत्तर काठाने जाते आणि गावासमोरच्या तूर-द-फोरला थांबते. तिथून पूल ओलांडून वर गावात पोचायला अर्धा-पाऊण तास चढ आहे. दिवसाच्या फेऱ्या मोजक्याच, रविवारी आणखी कमी, म्हणून परतीच्या बसची वेळ आधी बघायची आणि मगच निघायचं.

खरी वाट मात्र बूझिएसहून सुरू होते. गाडी असेल तर दक्षिण काठावर या गावात लावा. उत्तरेकडून येताना लागणारा झुलता पूल फारच अरुंद आहे. मोठी व्हॅन असेल तर पुलाआधीचा रुंदीचा फलक वाचल्याशिवाय चाक पुढे घालू नका. इथून नदीकाठाने सँ-सिरपर्यंत एका बाजूचं अंतर चार-पाच किलोमीटर, रमतगमत दीड तास. शेवटचा चढ सोडला तर वाट सपाट आहे.

थोडं चालल्यावर गानीलचा टप्पा येतो. रेल्वे येण्याआधी या नदीतून सपाट तळाच्या होड्या चालत. काओरची वाइन प्रवाहाबरोबर बोर्दोकडे जाई, वरच्या भागातून दगडी कोळसा आणि पिंपांसाठी ओक लाकडाच्या फळ्या येत. उलट दिशेने होडी न्यायची तर काठावरून माणसं किंवा जनावरं दोराने ओढत. गानीलला मात्र काठच नव्हता, कडा सरळ पाण्यात उतरत होता. म्हणून 1840च्या दशकात कड्याच्या पोटात वाट कोरली. डोक्यावर खडकाचं छत, एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला पाणी. छताखाली उभं राहून भिंतीवर नजर तिरकी टाकलीत तर छिन्नीच्या खुणा दिसतात. 1886 मध्ये काओर–कापदनाक रेल्वे सुरू झाली आणि नदीवरचा धंदा बसला, म्हणजे एवढ्या कष्टाने कोरलेली वाट जेमतेम चाळीस वर्षं पुरती कामी आली. याच भिंतीवर दानिएल मोनिए या शिल्पकाराने विसाव्या शतकात मासे, शिंपले, पाण्याच्या लाटा कोरल्या आहेत. काहीजण ते मध्ययुगीन समजून फोटोखाली तसं लिहितात.

इथे दोन गोष्टी बिघडतात. कोरलेल्या भागात नदीच्या बाजूला कठडा नाही आणि पावसानंतर खडक निसरडा होतो, त्यामुळे लहान मुलांचा हात धरूनच चला. दुसरं, चुनखडीचे तुकडे सुटून पडतात, नदीला पूर येतो, मग वाट बंद होते. निघण्याआधी सँ-सिरच्या पर्यटन कार्यालयाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. बंद असेल तर फलकाला वळसा घालून पुढे घुसू नका.

वाटेच्या शेवटी चढून गावात शिरलं की घरांचा अर्थ लागायला लागतो. तळमजल्याला टोकदार दगडी कमानी दिसतात, ती जुनी दुकानं. इथले कारागीर लाकूड खरादीवर धरून पिंपांच्या तोट्या बनवत. वाइनचा व्यापार खालून, तिची तोटी वरून! वरचे मजले लाकडी चौकटीचे, गल्लीवर थोडे पुढे आलेले, आणि छपरं तीव्र उताराची, तपकिरी कौलांची. रस्ते गोट्यांचे आणि उभे चढाचे आहेत. चाकांची बॅग इथे निरुपयोगी, ढकलगाडीही. सोंब्राल चौकापासून चर्चकडे चढत जा. चर्च 1522 पासून बांधलेलं, जाड भिंतींचं, तटबंदी असल्यासारखं. त्याच्या वर लापोपीचा खडक. तिथे किल्ला होता. गुर्दों, कार्दायाक आणि लापोपी या घराण्यांनी तो वाटून घेतला होता. 1471 मध्ये फ्रान्सचा राजा अकरावा लुई याने तो पाडायचा हुकूम दिला, उरलेलं 1580 मध्ये नावारच्या आंरीने (पुढे फ्रान्सचा राजा चौथा आंरी) पाडायला लावलं. आता अवशेष थोडेच आहेत, पण लॉतचं वळण पूर्ण दिसतं ते इथूनच. कवी आंद्रे ब्रतों 1951 पासून 1966 मध्ये मरेपर्यंत उन्हाळे याच गावात काढत असे. त्याचं घर कारोल चौकाजवळ आहे.

गावाचा सुप्रसिद्ध फोटो मात्र आत राहून निघत नाही. त्यासाठी डी-40 रस्त्यावरचं बांकूरेल गाठायचं. प्रकाश संध्याकाळी चांगला असतो आणि तोवर टूर-बसने आलेले लोक गेलेले असतात.

जेवण बारा ते दोन, नंतर स्वयंपाकघरं बंद. हिवाळ्यात बहुतेक खाणावळी आणि दुकानं बंदच असतात. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर उत्तम. शाकाहारींनी सॅलड मागवताना ‘सां विआंद’ (मांसाशिवाय) म्हणून स्पष्ट सांगावं, कारण सालाद केर्सिन्वाझ या इथल्या सॅलडमध्ये बदकाच्या जठराचे तुकडे असतात आणि बेकनचेही असू शकतात. त्याऐवजी रोकामादूरच्या छोट्या बकरीच्या चीजचं गरम सॅलड अक्रोडासह मागवा. स्थानिक अक्रोड खरोखर चांगले असतात.

दुसरा दिवस हाताशी असेल तर काब्रेरे गावची पेश मेर्ल गुहा ठेवा, ठिपक्यांच्या घोड्यांच्या प्रागैतिहासिक चित्रांची. रोज साधारण सातशेच लोक आत सोडतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ऑनलाइन आरक्षण केल्याशिवाय जाऊ नका. आत वर्षभर बारा-तेरा अंश असतात. उन्हाळ्यातही स्वेटर बरोबर घ्या.