‘लिटर सोडलंय’ म्हणून आलेला बोका

‘डॉक्टर, याने लिटर सोडलंय, घरभर शू करतोय.’ लिटर म्हणजे मांजराच्या शू-शीसाठी ट्रेमध्ये ठेवलेली वाळू. मादी असेल तर या तक्रारीची चौकशी सावकाश करता येते. बोका असेल तर आधी एकच विचारायचं: लघवी बाहेर पडतेय का, आणि किती? मध्यंतरीच्या त्या चार वर्षांच्या पांढऱ्या-पिवळ्या बोक्याबाबत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, म्हणून हे लिहिते आहे.

नसबंदी झालेला, वजन सहा किलो, कधीच घराबाहेर न जाणारा, खाणं फक्त कोरडं. मूत्रमार्ग तुंबण्याचा धोका ज्यांना सर्वात जास्त असतो, तसाच हा बोका. घरात रंगकाम निघालं होतं. ट्रे बेडरूममधून उचलून ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी गेला. बाल्कनी रोज फिनाईलने धुतली जायची, ट्रेही त्यातच. शिवाय वास येऊ नये म्हणून लव्हेंडरची नवी वाळू. बोक्याने आधी पायपुसण्यावर केलं, मग धुतलेल्या कपड्यांवर, मग बेसिनमध्ये. जागा हलवली म्हणून राग काढतोय, असं घरच्यांनी ठरवलं. आजींनी जुन्या रीतीने त्याचं नाक त्या डागावर घासलं. एका दवाखान्याने फोनवर ‘वाळू बदलून बघा’ म्हणून सांगितलं, औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक मिळालं. पुढे तो ट्रेमध्ये बसून नुसताच कुंथायला लागला, तेव्हा बद्धकोष्ठ समजून तूप पाजलं. उलट्या सुरू झाल्यावर माझ्याकडे आणला.

बेसिनचं ऐकलं की मी पहिल्यांदा दुखण्याचाच विचार करते. मूत्राशयाला सूज आलेली मांजरं पुष्कळदा थंड, गुळगुळीत जागा शोधतात: बेसिन, मोरी, फरशी. थेंबभर गुलाबी लघवी, सारखी ये-जा, मागचा भाग सतत चाटणं, ओरडणं. यात राग कुठेच नाही.

पोटाला हात लावला तर मूत्राशय कच्च्या मोसंबीसारखं टणक, जरासुद्धा दबत नव्हतं. अंग गार. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराचं हृदय मिनिटाला १६०च्या खाली सहसा जात नाही. याचं ११० होतं. लघवी अडली की पोटॅशियम रक्तात साठतं आणि ते थेट हृदयावर जातं. ईसीजीवर पी लहर गायब, टी लहर उंच, म्हणजे पोटॅशियम फार वाढल्याची खूण. रक्तात पोटॅशियम लिटरमागे ८.६ मिलिइक्विव्हॅलंट.

अशा वेळी हात पहिल्यांदा कॅथेटरकडे, म्हणजे लघवी काढायच्या नळीकडे जातो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. आधी शीर धरायची, हृदय सांभाळायचं. १० टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट, सहा किलोंना ५ मिली, दहा मिनिटांत हळूहळू, नजर ईसीजीवर. त्याने पोटॅशियम उतरत नाही, फक्त हृदयाला अर्ध्या तासाची सवड मिळते. मग पोटॅशियम उतरवायला साधं इन्सुलिन आणि त्यासोबत डेक्स्ट्रोज, म्हणजे साखर. सलाईनवरून आमच्या व्यवसायात अजून वाद चालतो: रिंगर लॅक्टेट या सलाईनमध्ये पोटॅशियम असतं म्हणून कित्येकजण ते हातात धरत नाहीत. त्यातलं पोटॅशियम लिटरमागे ४ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे लघवी अडलेल्या या बोक्याच्या रक्तातल्यापेक्षा कितीतरी कमी. उलट रक्तातली आम्लता लवकर आटोक्यात येते. मी तेच लावते.

नंतर बारीक सुईने पोटातूनच मूत्राशय रिकामं केलं, १२० मिली, गडद लाल. आतला दाब उतरला की मूत्रमार्गात अडकलेला बूच मागे ढकलणं सोपं जातं. भूल दिल्यावर शिश्न मागे, शेपटीच्या दिशेने ओढून धरायचं. हे न केल्याने बरेचजण अडतात. मूत्रमार्गाला तिथे वळण आहे आणि ओढल्याशिवाय ते सरळ होत नाही. ३.५ फ्रेंच जाडीचा, टोकाला उघडा कॅथेटर, भरपूर जेली, आणि सलाईनचा दाब देत देत पुढे. जोर लावायचा नाही, नाहीतर मूत्रमार्ग फाटतो. टोकाशीच रेतीसारखी कचकच लागली, दोन-तीन पिचकाऱ्यांनंतर पांढुरका चिकट बूच मोकळा झाला आणि कॅथेटर आपसूक आत सरकला. मग मऊ कॅथेटर टाक्यांनी बसवला आणि बंद पिशवीला जोडला. यानंतरही डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं, कारण अडथळा निघाल्यावर मूत्रपिंडं लघवीचा लोंढा सोडतात. दर दोन तासांनी पिशवी मोजून त्या हिशेबाने सलाईन वाढवलं नाही, तर वाचवलेला बोका पाण्याअभावी ढासळतो.

लघवीत स्ट्रुव्हाइट या क्षाराचे कण होते, एक्स-रेत खडा नव्हता, कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या चाचणीत, काही वाढलं नाही. तरण्या मांजराच्या मूत्राशयात जंतुसंसर्ग क्वचितच असतो. बहुतेक वेळा ही जंतूविना आलेली सूज असते आणि ताणाशी तिचं जवळचं नातं असतं. तरीही ‘लघवीचं इन्फेक्शन’ म्हणून अँटिबायोटिक लिहिलं जातंच. अशी सूज पाच-सात दिवसांत बहुधा आपली आपण ओसरते, श्रेय गोळीला मिळतं आणि कारण घरात तसंच राहतं. याचं मला फार वाईट वाटतं.

तिसऱ्या दिवशी कॅथेटर काढला. धार चांगली होती. घरी गेला आणि पुन्हा पायपुसण्यावर. घरचे हवालदिल झाले. पण मांजराच्या लेखी त्या ट्रेमध्ये दुखतं, एवढंच खरं. दुखणं गेलं तरी जागेची भीती राहते, म्हणून जुना ट्रे टाकूनच द्यायला सांगितला.

नव्यासाठी महागडं काही लागत नाही. कपडे ठेवायचा पलंगाखालचा प्लास्टिकचा खोका घ्यायचा, लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या दीडपट, एका बाजूची कड दहा सेंटिमीटरवर कापलेली, झाकण नको. एका मांजराला दोन ट्रे, दोन वेगळ्या खोल्यांत, खाण्यापासून लांब, मशीनच्या आवाजापासून लांब, पळायला वाट असलेल्या कोपऱ्यात. लघवीने भिजली की गोळा होणारी बारीक, बिनवासाची वाळू, ३-४ सेंटिमीटर थर. लव्हेंडर माणसाच्या नाकासाठी असतं. गोळे दिवसातून दोनदा काढायचे, आठवड्याला ट्रे गरम पाणी आणि सौम्य साबणाने धुवायचा. फिनाईल आणि डेटॉल अजिबात नाही. फिनॉलवर्गातली ही द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, पंजावरून चाटली तरी बाधतात. जुने डाग एन्झाइमच्या द्रावणाने पुसायचे आणि ते तिथेच वाळू द्यायचं, नाहीतर वास उरतो आणि बोका तिथेच परततो.

खाणं आठ-दहा दिवसांत हळूहळू ओल्यावर आणलं. ओल्या खाण्यात पाणी तीन चतुर्थांशाच्या वर, कोरड्यात जेमतेम दहा टक्के. लघवी पातळ राहणं हाच यातला मोठा इलाज आहे.

बोका आता बेडरूममधल्या खोक्यात जातो. मला अजून ठरवता येत नाही की सुरुवात कशाने झाली. मशीन आणि फिनाईलच्या भीतीने तो लघवी धरून राहिला आणि त्यातून सूज आली, की सूज आधीच होती आणि ट्रे हलवणं फक्त निमित्त झालं? रंगकामाआधीची लघवी कुणी तपासलेली नाही, तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलता येतं. आजींना मात्र मी स्पष्ट सांगितलं की तो मुद्दाम करत नव्हता, आणि त्यांनी ते ऐकलं.

दवाखान्यातला फोन घेणाऱ्या मुलीला आता पक्कं सांगून ठेवलंय. लिटर सोडल्याचा फोन आला की पहिला प्रश्न नर की मादी. दुसरा, आज वाळूत किती गोळे निघाले आणि केवढे. धडधाकट बोका दिवसाला दोन ते चार मोठे गोळे करतो. बारीक बारीक पुष्कळ निघत असतील तर त्याच दिवशी आणायचं, आणि एकही नसेल तर रात्रीचे बारा वाजले असले तरी ताबडतोब. वाळू कुठली घ्यायची, ते नंतर.