हेझलवरचा डिंक्या : तिसरी खेप

मागच्या दोन्ही खेपांना हेझल ग्लव्ह्जनी, म्हणजे हेझलच्या झाडावर दिसणाऱ्या, हातमोज्याच्या बोटांसारख्या नारिंगी बुरशीने, हुलकावणी दिली होती. या वेळी सापडले, पण श्रेय माझ्या नजरेचं नाही, एका लटकत्या काटकीचं.

जागा तीच. स्कॉटलंडचा पश्चिम किनारा, ओबानच्या दक्षिणेला सील बेट, तिथलं बालाखुअनचं हेझलचं रान. हेझल म्हणजे तेच झाड, ज्याचे नट आपण चॉकलेटात खातो. इथे ते बांबूच्या बेटासारखं वाढतं, एका बुंध्यातून दहाबारा खोडं. शेवाळ इतकं की साल शोधावी लागते. आंबोलीतला जुलै आठवा, फक्त गारठा वाढवा. चिलटं मात्र इथली जास्त चावरी.

आधी चूक कबूल करतो. मी दोन्ही वेळा नारिंगी बोटं शोधत फिरलो. शोधायचा असतो तो त्यांचा यजमान, म्हणजे काटक्या एकमेकींना चिकटवणारी दुसरी बुरशी, ग्लू फंगस. घरी आम्ही त्याला डिंक्या म्हणतो. शास्त्रीय नावाने पुस्तकात पूर्वी हायमेनोकीटी कॉरुगाटा होता, आता हिडनोपोरिया कॉरुगाटा झालाय. नावं बदलायची हौस या मंडळींना फार.

तर काटकी. डोक्याच्या उंचीवर, करंगळीएवढी जाड, मेलेली. दोन्ही टोकं मोकळी, तरी खाली पडत नव्हती. हळूच हलवली तर शेजारची फांदीही हलली. दोघी जिथे टेकल्या होत्या तिथे काळपट तपकिरी गादी, नखाएवढी, चामड्यासारखी चिवट. हाच तो डिंक.

हा उद्योग कशासाठी? मेलेली काटकी जमिनीवर पडली की तिथल्या शंभर बुरशा तिच्यावर तुटून पडतात. डिंक्या तिला वरच धरून ठेवतो. वरचं लाकूड वाळतं, भिजतं, पुन्हा वाळतं. ते सोसणारे स्पर्धक थोडे. मग हा निवांत बसून लाकूड पांढरं पडेपर्यंत खातो. शिवाय एका काटकीवरून दुसरीवर जायला आयता पूलही होतो. मला तर हा सगळा प्रकार सामायिक भिंतीवरून शेजारच्या घरात शिरणाऱ्या भाऊबंदासारखा वाटतो.

ही गादी खरंच डिंक्याचीच आहे ना, याची खात्री केली. राखीव रानातलं काही तोडायचं नाही, म्हणून रानाबाहेरच्या हेझलखाली पडलेला, तशीच गादी असलेला काटकीचा तुकडा घेतला. वीसपट भिंगाखाली पृष्ठभाग सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारखा भेगाळलेला, आणि त्यातून वर आलेले बारीक तपकिरी काटे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकताच डाग काळा पडला. या कुळाची ही ठरलेली खूण. नवख्यांनी ड्रॉपर जवळ ठेवाच.

त्यानंतर लटकत्या काटक्यांचाच माग काढत गेलो. चौथ्या झुडपात, मेलेल्या खोडाला मिठी मारून बसलेले ग्लव्ह्ज! भांडी घासायच्या रबरी हातमोज्यात हवा भरावी तशी फुगीर बोटं, मध्ये तपकिरी, कडेला नारिंगी. लाकूड हे खात नाहीत. ते डिंक्यावर जगणारे परजीवी मानले जातात. म्हणजे झाड मेलं, त्यावर डिंक्या जगला, आणि डिंक्यावर हे.

यांचं शास्त्रीय नाव हायपोक्रिऑप्सिस ऱ्होडोडेंड्री, कारण पहिलं वर्णन झालं ते अमेरिकेत ॲपलाशियन डोंगरातल्या ऱ्होडोडेंड्रॉनवरच्या नमुन्यावरून. इथे मात्र बाहेरून आणलेलं ऱ्होडोडेंड्रॉन अशा ओल्या रानांत घुसून खालची जमीन अंधारी करतं. ज्याचं नाव लावलं, त्याच्याच भाऊबंदांशी इथे वैर.

फोटो बारा काढले, धड आले तीन. ओल्या भिंगावर श्वासाची वाफ, दुसरं काय. ग्लव्ह्जच्या बोटांची लांबी पट्टी शेजारी धरून टिपली आहे: सर्वांत लांब बोट 3 सेंटिमीटर. मार्चमध्ये, हेझलला पानं फुटायच्या आत, त्याच कोनातून पुन्हा मोजेन. लटकती काटकीही तेव्हा टिकून आहे का, तेही बघायचंय.